कोपरा कापलेलं कापड

—नाही म्हटलं ना, सही नाही करणार. कागद ठेवा आत तुमचा. आणि असे दारात उभे राहू नका, उजेड अडतो माझा — हा गळा शिवून व्हायचाय अजून, संध्याकाळी बाई न्यायला येतील. बसा तिथं स्टुलावर. मास्क का काढलात? माझ्याकडे बघून, भीड वाटली म्हणून? घाला, घाला. मागच्या वेळी कारखान्याकडून तुमच्यातले आले होते ते डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या डगल्यात, नाकाला डबडी लावून — आणि आम्ही उघड्या तोंडानं त्यांना दारं उघडून देत होतो. तुम्ही निदान माणसाच्या कपड्यात आलात. चहा मात्र विचारणार नाही. राग माना, नका मानू, माझं काही अडत नाही. मागच्यांना पाजला होता, तेवढा पुरे.

काय लिहिलंय त्या कागदावर ते कळतं मला. वकीलबाईंनी सगळ्या गल्लीला बसवून समजावलंय. ह्या घरात रंगाच्या कारखान्यातलं कापड उरलेलं नाही, घर साफ करून मिळालं, आमची काही तक्रार नाही — एवढंच ना? वरून किती गोड. आणि मग उद्या माळ्यावरून एखादी चिंधी निघाली तर ती कुणाची? माझी. कारण नवा कायदा असा आहे म्हणे, घातक माल ज्याच्या ताब्यात, साफ करायची जबाबदारी त्याची. म्हणजे भिंती खरवडायच्या आम्ही, अंगण खणायचं आम्ही, माती गाडीत भरून कुठल्या कुठं नेऊन पुरायची ती आम्ही. विष त्यांनी केलं, पिवळं आम्ही झालो, आणि सही पण आम्हीच करायची. कुणाच्या डोक्यातून निघतं हो हे? तुमच्या नसेल, तुम्ही पगारी माणूस. तरी सांगते, तुम्हाला दारात बघितलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

तुम्हाला ठाऊक तरी आहे का, ते कापड म्हणजे काय? नुसतं पिवळं कापड, पिवळं कापड करत दारोदार फिरताय — बघितलंय कधी? नाही ना. तर ऐका. कारखान्यात पिवळा रंग व्हायचा, गाड्यांना, पाट्यांना, रस्त्यावरच्या पट्ट्यांना लागतो तो. पाण्यात व्हायचा आणि मग गाळायला लागायचा. त्याला मोठी गाळणयंत्रं, चौकटींची, आणि प्रत्येक चौकटीवर हे जाडजूड कापड — दाराच्या पडद्याएवढं, चार कोपऱ्यांना चार पितळी कड्या, त्या कड्यांनी अडकवायचं. वापरून वापरून ते रंगानं गच्च झालं, पाणी खाली जाईना, की उतरवायचं आणि दुसरं चढवायचं. आणि उतरवलेल्याचं काय? तर वाटायचं. शनिवारी पाळी सुटली की फाटकाशी ढीग लावलेला असायचा, घ्या बाबांनो. आम्ही घ्यायचो. का नाही घ्यायचं? असलं कापड बाजारात बघायला मिळत नव्हतं — फाटेना, विरेना, उन्हापावसाला दाद देईना. सगळी गल्ली माझ्याकडे आणून टाकायची. पिशव्या शिवल्या, पडदे शिवले, खुर्च्यांची बसणी, गाद्यांच्या खोळी, सायकलच्या सीटला टोप्या. समोरच्या घरात नवरा-बायकोचं जुंपलं तेव्हा खोलीच्या मधोमध टांगायला आडपडदा शिवून दिला, तोही त्यातलाच — पुढे समेट झाला तर त्याच पडद्याचं दुपटं शिवलं बाळाला. धुतलं की पाणी पिवळं, पुन्हा धुतलं तरी पिवळं, वाळत घातलं की दोरी पिवळी. माझी बोटं तर कायमची. नणंद म्हणायची, वहिनीची बोटं सोन्याची आहेत. आता तीच नणंद इथं पाणी पीत नाही, घरून बाटली आणते.

आणि नियम काय नंतर आला असं समजू नका. तेच तर सांगायचंय. आधी ते भंगार होतं, मग सरकारनं यादीत घातलं, घातक कचरा म्हणून. म्हणजे बंद गाडीतून लांबच्या खड्ड्यात न्यायचं आणि त्या खड्डेवाल्याला वर पैसे मोजायचे. आणि गंमत बघा — ज्या वर्षी तो नियम आला ना, त्याच वर्षी हसऱ्या साहेबांचा हात सैल झाला. हसरे साहेब म्हणजे मॅनेजर, बत्तीशी कायम बाहेर म्हणून सगळे हसरे म्हणायचे. आधी माणशी एकच कापड मिळायचं, तेही मागून. नंतर स्वतः फाटकाशी उभे — दोन न्या, तीन न्या, पाहुण्यांना द्या, आपलंच आहे. आम्हाला वाटलं, काय मनाचा मोठा माणूस. अहो, तो खड्डा आम्ही होतो. आमच्या घराघरांत त्यानं कचरा पुरला फुकटात, आणि आम्ही त्याला वाकून नमस्कार करत होतो. त्याच्या मुलीच्या लग्नाला गल्लीनं वर्गणी काढून आहेर केला होता, आता बोला.

बोला म्हणजे बोलू नका, ऐका. आता मुद्द्याचं. आमचे हे त्या फाटकावर वॉचमन होते. पूर्वी एकदा कुणीतरी कोरं कापड लांबवलं आणि दुसऱ्याच्या नावानं परत कारखान्यालाच विकलं — तेवढ्याच दिवशी हसरे साहेब हसले नव्हते. तेव्हापासून फाटकावरचा दंडक झाला, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कापडाचा एक कोपरा कडीसकट कापायचा. कडी गेली की ते यंत्राला लागत नाही, म्हणजे ते दिलेलं. चारही कड्या जागेवर असतील तर ते चोरलेलं, माणूस धरायचा. इतकं साधं. कापलेल्या कड्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या, साहेब मोजून घेऊन जायचे. आणि कापायचं कुणी? ह्यांनी. कशानं? कात्री मागितली ह्यांनी, दोनदा मागितली. साहेब म्हणाले, बायको शिंपीण आहे ना तुझी, आण की घरून, कारखान्याला कशाला खर्चात टाकतोस. म्हणून माझी कात्री गेली. ही, ही हातातली. चांगली होती हो ही. लोण्यासारखी चालायची. ते राठ कापड कापून कापून हिच्या पात्याला दात पडला, तेव्हापासून रेशमाला लावता येत नाही. किती भांडले मी ह्यांच्याशी — म्हटलं, नोकरी तुमची, कात्री माझी का झिजते? हे म्हणायचे, मागितलीय, येईल नवी. आली नाही. पण काम कसं, तर एकही कापड तसंच सोडलं नाही. कोपरा तिरका, तळहाताएवढा, आणि त्या दातापाशी पातं अडायचं म्हणून कापाला मधेच एक पायरी पडायची. आजही डोळे मिटून बोट फिरवलं की लागते ती पायरी बोटाला.

म्हणजे लागायची. लागायची म्हटलं मी. लिहून काय घेताय त्यात? शिंपिणीच्या बोटाला आठवण असते, एवढंच. लिहा, लिहायचं तर.

मग पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल. कारखाना बंद झाला, कंपनी नावाला राहिली, साहेब दुसऱ्या गावी गेले, आणि गल्लीत एकेकाचं सुरू झालं. कुणाच्या हातांना जखमा, भरेनातच. कुणाचं नाक आतून झिजलेलं, डॉक्टर बॅटरी लावून बघतो आणि पुढच्या माणसाला बोलावतो. तेव्हा सगळ्यांनी मिळून दावा लावला, की घरं साफ करून द्या, माती काढून द्या. आणि काय चमत्कार, पहिल्या मोठ्या तारखेच्या आधीच कारखान्याची गाडी दारात. सफाई, फुकट, कोर्टाची वाटसुद्धा न बघता. गल्ली हरखली. म्हणाले, शुद्धीवर आले एकदाचे. ज्यानं त्यानं आपापल्या हातानं पडदे काढून दिले, पिशव्या दिल्या, बसणी उसवून दिली, मी खोळी काढून घड्या घालून दिल्या — घड्या घालून, सवयच ना. हे एकटे म्हणत होते, सगळं देऊ नका रे, एखादं ठेवा. कोण ऐकतो? म्हातारा कुरकुर करतो म्हणाले. गाडी भरली, निघून गेली, जाळलं त्यांनी सगळं. त्याला सफाई म्हणायचं का? आणि मग कोर्टात कारखान्यानं काय सांगितलं, माहीत आहे? की आम्ही कधीच एक चिंधी बाहेर जाऊ दिली नाही. नेलं असेल तर ते चोरून नेलं.

चोरून. माझ्या नवऱ्याला ह्या वयात खुर्चीत बसवून नेलं कोर्टात, दोघांनी धरून. त्यांचा तो उंच वकील, आवाज इतका मऊ की तब्येत विचारायला आलाय असं वाटावं. त्यानं विचारलं, 'कात्री कारखान्याची होती का?' हे म्हणाले, 'नाही, बायकोची.' 'कारखान्यानं कधी कात्री दिली तुम्हाला?' 'नाही.' 'म्हणजे कोपरे कापायला कारखान्यानं सांगितलंच नव्हतं. तुम्हीच घरून कात्री घेऊन येत होतात.' आणि हे म्हणाले, 'येत होतो.' झालं. पुढचं, साहेबांनी आणायला सांगितली म्हणून, ते सांगायला तोंड उघडलं तर वकील म्हणाला, विचारलं तेवढंच सांगा. मागे कुणीतरी हसलं. आणि त्या एका कात्रीवर त्यानं सगळं उभं केलं — वॉचमनच चोरांना सामील, घरून हत्यार आणून कंपनीच्या खुणा कापत होता. न्यायाधीशांनी विचारलं, कोपरा कापलेलं एखादं कापड आहे का दाखवायला? वकीलबाई आमच्याकडे बघतात, आम्ही एकमेकांकडे. कुठून असणार? तुमच्याच गाडीत घालून दिलं होतं.

तेव्हापासून गल्ली ह्यांच्याशी बोलत नाही. ज्यांना माझ्या हातच्या पिशव्या पुरल्या नाहीत ना, ती माणसं. म्हणे, तुम्ही कात्री लेखी मागून घेतली असती तर आपण हरलो नसतो. अजून हरलो नाहीये, पण त्यांनी मानून टाकलंय. चोरी ठरली की ताबा आमचा, सगळ्या गल्लीची सफाई आमच्याच डोक्यावर, आणि सगळ्याचं खापर ह्या एका माणसावर. जन्मभर फाटकावर उभा राहिला, कुणाची सुतळी इकडची तिकडे होऊ दिली नाही, तो चोर. मला रडू येत नाही आता. मला नुसता राग येतो, उठता बसता येतो, पाण्याचा तांब्या भरतानासुद्धा येतो. वकीलबाई म्हणतात, धीर धरा, कोर्टाचा माणूस घरांची पाहणी करायला येणारच आहे, तारखा पुढं जातायत एवढंच. त्यानं स्वतःच्या हातानं, पंचांसमोर, जिथं आहे तिथून उचललं की झालं. आपण नेऊन दिलं तर म्हणतील, काल बसून कापलंत, घरात कात्री आहेच. आणि त्याच्या आधी तुमच्या लोकांच्या हाती लागलं तर गाडीत जाईल, वर ताब्यात सापडलं म्हणून आम्हीच—

उचललं म्हणजे, उचलण्यासारखं काही असलं तर. बोलायची पद्धत. वकील लोक असंच बोलतात.

कुठं बघताय? ती आतली खोली. हे झोपलेत. खोकला ऐकलात तो त्यांचाच, दुसरं कोण असणार. आजारी माणूस आहे, तुमचे लोक दोनदा आले तेव्हाही त्यांनी उठवलं नाही, तुम्हीही नका. ऐकत नाहीत हो कुणाचं. पाठ सगळी चिघळलीय, मी म्हणते कुशीवर व्हा, थोडी हवा लागू दे, तर नाही, उताणेच. खिळा मारल्यासारखे. म्हटलं, निदान मधे प्लास्टिक घालते — घातलं तर एक दिवस ठेवलं नाही. हललं की वाजतं म्हणे. चुरचुर आवाज येतो, बाहेरच्या माणसाला कळेल, काढ. काढायला लावलं मला.

...

काही नाही. अंथरूण ओलं होतं त्यांच्याकडून, त्यासाठी प्लास्टिक. आजारी माणसाचं असतंच तसं.

असं बघू नका माझ्याकडे. धाकट्या भावाच्या वयाचे तुम्ही, आणि मी तुमच्याशी काय खोटं बोलत बसू? मला येत नाही ते, त्या बाबतीत आम्ही दोघं सारखेच करंटे. हो. आहे. एक राहिलंय. तुमच्या पांढऱ्या डगल्यांनी घर धुऊन नेलं त्या दिवशी ह्यांना ताप होता, म्हणून पलंगाला कुणी हात लावला नाही, आजोबांना उठवू नका म्हणाले, फार सभ्य. ते गादीखाली होतं, फळ्यांवर अंथरलेलं, विसरले होते मी. मला आठवलं तेव्हा मी धावत निघाले होते, गाडी कोपऱ्यावरच होती, हाक मारली असती तर थांबली असती. ह्यांनी मनगट धरलं माझं. तापात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. कोर्टात विचारलं तेव्हाही सांगितलं नाही, तुमची गाडी आमच्या आधी दारात पोचली असती; वकीलबाईंना मागून कानात सांगितलं. दुसऱ्यांदा तुमचे आले तेव्हा गाद्या वर करून बघत होते घरोघर. तोवर ह्यांनी ते गादीच्या वर घेतलं होतं. चादरीच्या खाली आणि स्वतःच्या पाठीखाली. आजारी माणसाला उचलून कोण बघणार? नाहीच बघितलं कुणी. तेव्हापासून तसेच आहेत. चादर घामानं भिजते, पिवळी होते, मी बदलते, पुन्हा पिवळी होते. पाठीला जखमा पडल्यात, खोल, बोटाचं पेर जाईल एवढ्या, आणि माझ्याच हातानं मी रोज त्यांना परत त्याच्यावर निजवते. करते मी हे. बायको आहे ना, बायकोच करणार.

खरं सांगू? आज तुम्ही दारात दिसलात तेव्हा आग झाली म्हटलं ना, त्याच्या आधी, अगदी क्षणभर, बरं वाटलं. वाटलं, करावी सही. म्हणावं, या आत, धरा ह्यांना खांद्याला, मी पायाला धरते, आणि ओढून काढा ते खालून, न्या, जाळा. चोर तर चोर. माणूस तरी राहील मला. रोज म्हणते मी त्यांना, द्या सोडून. काय म्हणतात माहीत आहे? 'पाठीचं काय घेऊन बसलीस, मला चोर म्हणून जायचं नाही.' ह्यावर मी काय बोलू? तुझी आई माझ्या जागी असती तर काय बोलली असती, विचार घरी जाऊन. — विचारा म्हणते. तुम्ही म्हणते. जीभ घसरली.

फोन कशाला काढलात? साहेबांना लावताय? लावा. माझ्या तोंडाला कुलूप नाही हा माझा दोष, आता तुम्हालाही कळलंय, ते काही परत घेता येत नाही. सांगा त्यांना, की एक कापड उरलंय, कोपरा कापलेलं, तिरका, मधे पायरी असलेला. आणि त्याच्यावर एक माणूस निजलाय. कापड हवं तर आधी माणूस उचलायला लागेल, आणि तो जागा आहे. आता या उचलायला. पण हसऱ्या साहेबांना बरोबर घेऊन या, त्यांनी हात घालावा ह्यांच्या पाठीखाली. डगले घालून येऊ नका, मास्क लावून येऊ नका, हे उघड्या पाठीनं निजतात त्याच्यावर. आणि कापायची वेळ आली तर कात्री तुमची आणा. कारखान्याची. माझी मी पुन्हा देणार नाही.

नाही लावत? ठेवलात खिशात? ते तुमचं तुम्ही बघा. मघाशी रागात लावा म्हटलं, आता लावा म्हणणार नाही, आणि नका लावू असंही म्हणणार नाही. उद्या दारात गाडी आली तर मला कळेल कुणी पाठवली. नाही आली आणि कोर्टात तुम्हाला कुणी विचारलं, त्या घरात काय होतं, तर काय सांगायचं तेही तुमचं तुम्हीच ठरवा. मला तुमची खात्री नाही. मला आता कुणाचीच नाही.

उठा. स्टूल जिथं होतं तिथं ठेवा. आणि हा कागद राहतोय तुमचा, सहीची जागा कोरीच आहे, घेऊन जा.

— काय म्हणताय? ... नाही, तुम्हाला नाही, आत बोलतेय. — काय हो? ... नाही, कुणी नाही. सफाईचा माणूस होता, निघाला. ... नाही, काही बोलले नाही मी त्याला. ... आणते, पाणी कोमटच आहे. व्हा कुशीवर, पाठ पुसून देते.

— तुम्ही अजून इथंच? दार ओढून घ्या जाताना.